खळ लावलेल्या घोंगडीवरचा रंग

सोलापूर, मंगळवार

प्रिय आई,

रंग आला! आधी हे लिहून टाकते, मग बाकीचं. शनिवारी दुपारी तू कातलेल्या लोकरीच्या काळ्याभोर घोंगडीवर मोरपंखी हिरवा रंग उमटला आणि मी विद्यापीठातल्या आमच्या विभागभर नाचले. आमचे इंद्रजीत सर एरवी हसतील तर शपथ! तेसुद्धा खिडकीपाशी तो तुकडा तिरका करून करून हिरव्याचा निळा होताना बघत बसले. आणि यात रंगाचा थेंबही नाही गं! पाण्यात काचेचे गोल कण असतात, एका केसाच्या जाडीत अडीचशे मावतील एवढे बारीक. पाणी सावकाश वाळू दिलं की ते आपले आपण रांगा धरून खेटून बसतात, आपली मेंढरं वाघराच्या जाळीत बसतात तसे. त्या रांगांवरून उजेड परततो तो रंगीत होऊन.

काचेवर हे केव्हाच जमलं होतं. टॉवेलच्या पांढऱ्या कापडावर मात्र रंग अगदी आजारी. मागे काळं हवं, म्हणजे जास्तीचा उजेड गिळला जातो. तेव्हा तू दिलेली घोंगडी ट्रंकेतून काढली आणि कापली. रागावू नकोस. माझा शहाणपणा पुढेच आहे: प्रयोगशाळेच्या शिस्तीने सगळे तुकडे गरम पाण्यात साबणाने धुतले! नऊ वेळा नुसते पांढरे डाग. सर म्हणाले, आता लोकर सोडून दे. मी रडकुंडीला आले. धुवायचा राहिलेला एकच तुकडा होता, चिंचोक्याच्या खळीनं कडक झालेला. त्यावरच रंग आला! खळीनं धाग्यांमधल्या फटी बुजवल्या होत्या, कणांना बसायला सपाट जागा मिळाली. "खळ गेली की घोंगडी न्हाय, चिंधी हाय ती," असं तू जन्मभर ओरडलीस, आणि धनगराची पोर असून मीच ती धुऊन काढली.

आता तसा तुकडा उरला नाही. रविवारी मी स्वतः चिंचोके शिजवले, तर नुसत्या गुठळ्या. सरांनी विचारलं, ती खळ कुणाची? मी म्हटलं, बाजारातून आणली घोंगडी. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

गेल्या वर्षी तू भाकरी बांधून मला भेटायला आलीस. मी तुला फाटकावरूनच रिक्षात बसवलं, नव्या पेठेत बांगड्या भरल्या आणि मंद्रूपच्या गाडीत बसवून दिलं. विभागाला सुट्टी आहे म्हणाले. सुट्टी नव्हती, आई. मैत्रिणींनी तुला बघू नये म्हणून खोटं बोलले. फोनवर हे सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून पत्र. आज सकाळी सरांना खरं सांगितलं, घोंगडी आणि खळ माझ्या आईची. सोमवारी ये. चिंचोके तू शिजव, आम्ही वह्या घेऊन बसतो. मी फाटकात उभी असेन, पण तिथे थांबायचं नाही. आपण दोघी आत जाऊ.

तुझीच, चुकलेली,
पूनम