साडेपाच मीटरचे मांडे

डिंडोली, सुरत

तीर्थरूप आक्कास,

धाकट्या दिलीपचा हात जोडून नमस्कार. (साष्टांग समोर आल्यावर घालीन, गुडघ्यांना तो रोज झेपत नाही.) तुझा खोकला थांबला का? फोनवर तू "बरंय" म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. इकडे तुझी भावजय वंदना मजेत, अर्चना तिच्या नोकरीत मजेत, आणि मी रिटायर झाल्यापासून दोघींच्या पायांत पायांत.

म्हणूनच अर्चनानं मला ब्लॉग काढून दिला. म्हणजे मोबाइलवरची आपली वही, कुणीही उघडून वाचावी अशी. मी आईच्या खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांबद्दल लिहायला बसलो. चार दिवसांत लिहून झालं आणि घरात वाद पेटला, ब्लॉग असावा तरी केवढा? अर्चना म्हणते आठशे शब्द, त्यापुढे माणूस बोट फिरवून निघून जातो. वंदना म्हणते कुकरच्या तीन शिट्ट्यांत संपावा. आता बत्तीस वर्षं मार्केटात साड्या मोजून घड्या घातलेल्या माणसाला शब्द मोजायला कोण लावतं? मी झेरॉक्सवाल्याकडून पानं काढून आणली (अक्षर चष्म्याच्या मानानं मोठं), खळीनं एकाखाली एक चिकटवली आणि बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये मीटरपट्टी टाकली. साडेपाच मीटर भरला, बरोब्बर साडी. समोरच्या पुष्पाबाई दारातून म्हणाल्या, भाऊ, ब्लाउजपीस राहिला. मी ते मनावर घेतलं आणि आणखी पाऊण मीटर लिहिलं.

अर्चनानं कपाळाला हात लावला. म्हणाली, पप्पा, कापा. पण कात्री कुठं लावू? तू कोपरापर्यंत हातांवर मांडा पसरवायचीस, ते काढलं तर तू जातेस. उपडं खापर चुलीवर ठेवताना आई "सरक रे, धूर लागेल" म्हणायची, ते काढलं तर आई जाते. शेवटी मी अकरा मांडे खाऊन आजारी पडलो होतो तेवढं काढलं, आणि खरं आहे म्हणून परत घातलं.

मग परीक्षा घ्यायची ठरवली. आपला निंबा शटल रिक्षा चालवतो, तिच्यात बसून मी मोठ्यानं वाचायला लागलो. लिंबायत आलं तरी माझे गहूच ओले होत होते. माणसं उतरत होती, नवी मधूनच ऐकायला बसत होती. निंबा एकदा मागे वळून म्हणाला, काका, आता तरी चूल पेटवा. शिंदखेड्याकडच्या एक बाई मात्र मांडीवर पिशवी धरून सगळं ऐकत होत्या. उतरताना त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भाऊ, सम्दं खरं, पन पानी कितलं टाकानं?" मी हे पान चाळलं, ते पान चाळलं. एवढ्या लांबलचक लिखाणात पाणी किती ते कुठंच नव्हतं. माझा थांबा नसताना मीही उतरलो.

असो. औषध वेळेवर घे. उन्हात फिरू नकोस.

तुझा,
दिलीप

ता. क. पाणी किती ते मला ठाऊकच नाही, आक्का. खापरापाशी आई आणि तू असायचात, मी फक्त पाटावर. आई गेल्यापासून दोन आखाज्या झाल्या. आखाजीच्या सणाला बहिणीला आणायला भावानं जायचं असतं, आणि मी नुसता फोन करून "ये ना" म्हणालो. तू "बघू" म्हणालीस आणि आली नाहीस. चूक माझी. तुझ्याशिवाय सण कोरडा जातो गं.

ता. क. २. या आखाजीच्या चार दिवस आधी मी स्वतः अमळनेरला तुला न्यायला येतोय. आईचं खापर माझ्याकडेच आहे. त्याच्यावर वंदनानं ठेवलेला तांदळाचा डबा उतरवून ठेवलाय.

ता. क. ३. अर्चनानं पत्र वाचलं. म्हणते, ता. क. च्या वरचं सगळं काढलं तर लांबी योग्य आहे. ब्लॉगवरही शेवटी सगळं काढून मी एकच ओळ टाकली: "आखाजीला माझी आक्का येतेय, पाणी किती ते तिलाच ठाऊक." सतरा जणांनी विचारलंय, कोणत्या गाडीनं? तेव्हा आता नाही म्हणू नकोस. राहिलेला साष्टांग तुझ्या दारातच घालीन, उठवायला तेवढा हात दे.