एकोणऐंशीचा कुकर

सोमवार, ७ जुलै. सकाळी ६.००
(लिहायला बसलो ७.४० ला.)
संकल्प: मधुवंतीची ट्यूशन बंद, आता मीच शिकवणार. पोरगी पाचवीत, सेमी-इंग्लिशला, पण मराठी आकड्यांची बोंब. शनिवारी सोसायटीच्या लकी ड्रॉमध्ये सेक्रेटरी भाऊंनी माइकवरून तीनदा एकोणऐंशी नंबर पुकारला. आमचं कूपन ७९; तेच ते, असं बायको घरी आल्यावर म्हणाली. तिला कळलंच नाही. कुकर दुसऱ्या मजल्यावरच्या राजेशकडे गेला. कूपन माझ्याच हातात होतं, पण मी मुद्दाम गप्प बसलो. मुलांना चुकू द्यावं, असं पालकांच्या वेबिनारमध्ये सांगितलंय.

मंगळवार, ८ जुलै
पहिला धडा झकास. सूत्र दिलं: एकोण म्हणजे एक कमी. तिनं विचारलं, मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत? वेबिनारवाल्या बाई म्हणतात, उत्तर येत नसेल तर ‘आपण मिळून शोधू’ म्हणा. मला येत होतं, त्यामुळे ‘आईला विचार’ म्हणालो.

गुरुवार, १० जुलै
काल सुट्टी दिली. मुलांवर ताण नको.
रेवती म्हणाली, आधी तू स्वतः एकाहत्तर ते नव्वद म्हणून दाखव ना. बायकोला काय सांगायचं? मी भांडुपच्या मराठी शाळेतला, तीसपर्यंत पाढे पाठ. पण तोंडी परीक्षेनं शिकण्यातला आनंद जातो. तत्त्व म्हणून नकार दिला.

शनिवार, १२ जुलै
शाळेच्या ग्रुपवर कुंदा टीचरांचा मेसेज. पुढच्या शनिवारी ‘पालकांचा तास’, एका पालकानं वर्गावर शिकवायचं. मी चाळीस सेकंदांत नाव दिलं. विषय: मातृभाषेतले अंक. दुसऱ्या कुणाचं नावच आलं नाही, घाबरले असणार.
मधुवंती म्हणाली, बाबा, आईला पाठव ना. लाजते पोर.

बुधवार, १६ जुलै
चौतीस स्लाइड्स तयार. एकतीसमध्ये माझा परिचय आणि मातृभाषेचं महत्त्व. आकडे शेवटच्या तीनमध्ये टाकीन, ते काय, येतातच.
रेवतीनं फ्रिजवर आकड्यांची यादी लावलीय. मधुवंतीसाठी असेल.

शनिवार, १९ जुलै. दुपारी
प्रोजेक्टर चालेना. हरकत नाही, खेळ घेतला. प्रत्येकाला एकेक आकड्याचं कार्ड. मी मराठीत आकडा म्हणायचा, ज्याचा असेल त्यानं उभं राहायचं.
मी म्हणालो, एकोणऐंशी. मधुवंती ताडकन उठली, चेहरा फुललेला, हातात ७९. मी म्हणालो, चूक, खाली बस. स्वतःची मुलगी म्हणून सूट नाही. मग ८९ वाल्या ओजसला उभं केलं. तो म्हणाला, काका, माझं एकोणनव्वद आहे.
कुंदा टीचर हळूच म्हणाल्या, सर, ऐंशीला एक कमी.
सूत्र माझंच होतं. मधुवंती खाली बघत होती.

रविवार, २० जुलै. सकाळी
आता कळलं. कुकर गेल्यापासून रेवती रोज मेथी निवडताना तिच्याकडून आकडे म्हणून घेत होती. काल पोरगी मला दाखवायला उभी राहिली होती. फार वाईट वाटलं.
सॉरी म्हणालो. ती म्हणाली, तू चुकलास ते ठीक आहे रे बाबा, पण मला का बसवलंस?
उत्तर आलं नाही. या वेळी खरंच आलं नाही.

संध्याकाळी ७.३०
नवा वर्ग सुरू. शिक्षिका मधुवंती, विद्यार्थी मी, समोर मेथीची जुडी. पहिला प्रश्न: एकोणसत्तर म्हणजे किती?
मी उभा राहून ठणकावून सांगितलं, सेव्हन्टी नाइन.
ती म्हणाली, चूक, खाली बस.