कोणाचाच नसलेला रिपोर्ट

३ मार्च, मंगळवार

आज घोटाळा केला. लिहून टाकते, नाहीतर डोक्यातला भुंगा थांबायचा नाही.

ताई आमच्या तपासणी सेंटरवर आली — न कळवता! तिच्या शिवणकामाच्या कारखान्यातल्या मधल्या सुट्टीत. मला पांढऱ्या कोटात बघून दारातच हसली. "काय डॉक्टरीणबाई!" मग दार लावून घेतलं, खुर्चीत बसली, आणि खाली बघत म्हणाली, "डाव्या छातीत गाठ लागतेय. काखेकडे. महिना झाला."

महिना! आणि सांगतेय आज.

शुक्रवारची हॉस्पिटलची वेळ घेतलीय म्हणे. पण तिथे सुई घालून बघतील म्हणून हिचा जीव घाबरा. दिवसभर सुयांशीच काम करते बाई, आणि सुईला घाबरते! "आधी तुझ्या मशीनवर बघ. काही नाही निघालं तर कशाला टोचून घ्यायचं?"

मी नेहमीसारखी तिच्या मुठीत स्टीलची दांडी दिली. नव्वद सेकंद हलायचं नाही. दांडीची वायर मशीनला, मशीन कॉम्प्युटरला. स्क्रीनवर आकडे पळतात, मग प्रिंटर छत्तीस पानं ओकतो — हृदय, यकृत, हाडं, मेंदूवरचा ताण, सगळं. पण माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. तिच्या आधी एक निवृत्त ड्रायव्हर येऊन गेला होता, त्याचाच फॉर्म उघडा होता. मी नाव बदललं, वय बदललं, वजन बदललं. "पुरुष" तसंच राहिलं.

ताईने पानं चाळली. "छातीचं पान कुठंय गं?"

छातीचं पान नव्हतंच. त्या जागी प्रोस्टेट होतं, पुरुषांची ग्रंथी. ताईचं प्रोस्टेट उत्तम आहे!

एरवी हसून लोळले असते. आज तोंडचं पाणी पळालं. "प्रिंटर अडकला वाटतं," अशी थाप मारली, पानं काढून घेतली, तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. "पुरुष"चं "स्त्री" केलं आणि बटण दाबलं. दांडी टेबलावर पडली होती. कोणीच धरली नव्हती. तरी आकडे पळाले! नव्वद सेकंद, अगदी तस्सेच. पान एकवीस — स्तन: सामान्य. गाठीची शक्यता: नाही.

मी ते तिच्या हातात दिलं. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि भराभर जिना उतरून गेली. तिची सुट्टी संपत आली होती.

४ मार्च

रक्तदाबाचा पट्टा दंडाला न बांधता बटण दाबलं तर ते यंत्र चूक झाल्याचं दाखवतं. आमचं का नाही दाखवत? उद्या सेंटर चालवणाऱ्या सरांना विचारायचं.

५ मार्च, गुरुवार

विचारलं. सर आधी पाण्याचे फिल्टर विकायचे. त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असतं. "मॅडम, हे सूक्ष्म लहरींवर चालतं. त्या खोलीत राहतात थोडा वेळ." मग जरा आवाज खाली आणून, "फार खोलात जाऊ नका. लोक खूश आहेत ना?"

दुपारी कोणी नव्हतं. दार लावलं. दांडी खुर्चीवरच्या उशीला रबरबँडने बांधली. वय बासष्ट, वजन ऐंशी, स्त्री. उशीची हाडं कमजोर निघाली! गुडघ्यांकडे लक्ष द्या म्हणे. मग तीच उशी — वय बावीस, वजन पन्नास. हाडं ठणठणीत. फक्त झोप कमी. उशीला झोप कमी!

तीनदा केलं. आपण जे भरतो त्यावरूनच काहीतरी जुळवून ते परत देतं. दांडी नुसती धरायला.

म्हणजे वर्षभर मी काय करत होते? मागे एका शाळेतल्या बाईंना "हृदय छान आहे" म्हणाले होते. त्या हृदयाच्या गोळ्या बंद करणार होत्या... केल्या का? मला माहीत नाही. विचारलंच नाही मी.

उद्या शुक्रवार आहे, ताई हॉस्पिटलला जाईल, तिथे खरं कळेल. म्हणजे माझ्या रिपोर्टने काही बिघडणार नाही. नाही ना?

६ मार्च

बिघडलं. ताईने वेळ रद्द केली.

नऊला फोन केला तर कारखान्यातल्या मशीनची खडखड ऐकू आली. "अगं, कालच रद्द केली की! ह्यांनी तर तुझा रिपोर्ट फ्रिजवर लावलाय. घरचीच डॉक्टर आहे म्हणून सांगतात सगळ्यांना."

म्हटलं, "तरी एकदा दाखवून ये."

"का? तुझ्या मशीनवर तुझाच भरवसा नाही होय?"

इथे बोलायचं होतं. हीच ती जागा होती. मी म्हणाले, "तसं नाही गं." आणि फोन ठेवला.

७ मार्च

आज पाच रिपोर्ट दिले. प्रत्येकाला म्हटलं, "काहीही असलं तरी डॉक्टरांना दाखवा." सरांनी पडद्याआडून ऐकलं. नाकाला मिरच्या झोंबल्या त्यांच्या.

८ मार्च, रविवार

ताईकडे गेले. रिपोर्टचं पहिलं पान खरंच फ्रिजवर, सफरचंदाच्या मॅग्नेटखाली. भावोजींनी थट्टा सुरू केली, "या या! आमच्या सौभाग्यवतींचं यकृत कसं आहे म्हणता?" मी हसले. काय करणार?

ताई वरच्या फळीवरून डबा काढत होती. डावरी आहे ती, जन्मापासून. उजव्या हाताने काढला.

तिला आतल्या खोलीत नेलं. "दाखव." तिने माझं बोट धरून तिथे ठेवलं. वाटाण्याहून मोठी आहे. कडक. मी बोट काढून घेतलं. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "असतं गं असं काही काही. तू बघितलंयस ना, मग झालं."

आई गेली तेव्हा मी दहावीत होते. ताईने स्वतःचं शिक्षण सोडलं आणि कारखान्यात बसली, मला शिकवायला. मी काय झाले? लॅबच्या खिडकीत बसून नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. ती लॅबही बंद पडली. तीन वर्षं घरी. या कोटातच ताईने मला पहिल्यांदा अशा नजरेने बघितलं — सार्थक झाल्यासारखं. ती नजर जाईल म्हणून मी गप्प बसलेय. इतकी स्वार्थी आहे मी! लिहिताना लाज वाटतेय, पण खरं तेच आहे.

९ मार्च

सांगितलं नाही.

१० मार्च

आजही नाही. शिवाय सर म्हणाले, दुसरं सेंटर काढताहेत, तिथे मला प्रमुख करणार. कोटावर नाव भरून घेणार! आठ दिवसांपूर्वी हे ऐकून मी उडाले असते. आज बेसिनवर जाऊन तोंड धुतलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

११ मार्च, बुधवार

सांगितलं.

संध्याकाळी, त्यांच्या स्वयंपाकघरात, चहा गॅसवर असताना. बसलेही नाही. दांडी, प्रोस्टेट, उशी — एका दमात. "तो रिपोर्ट तुझा नाही ताई. कोणाचाच नाही. ते मशीन काही मोजत नाही."

ताईने चहात साखर टाकली. म्हणाली, "कधीतरी चुकत असेल. माणूस चुकतो, मशीन नाही का चुकणार?"

"चुकत नाही गं! मोजतच नाही!"

"तिकडे हॉस्पिटलातही मशीनच आहे. त्यांच्याकडे मशीन, तुझ्याकडे मशीन. तुझ्याला निदान सुई तरी नाही."

मी रडायला लागले. चहा उतू गेला. मग तिच्या डोक्यात हळूहळू शिरलं — मशीनचं नाही, माझं. "म्हणजे तुला त्याच दिवशी माहीत होतं, कोणी धरली नव्हती ते?"

"हो."

"आणि तरी माझ्या हातात दिलास?"

"हो."

"मी आठ दिवस झोपतेय शांत. तुझ्या भरवशावर!" ताई कधी ओरडत नाही. ओरडली. "तुझ्याऐवजी परक्या बाईने फसवलं असतं तर बरं झालं असतं!"

भावोजी दारात उभे होते. त्यांनी फ्रिजवरचं पान काढलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि हॉस्पिटलला फोन लावला. शुक्रवार मिळाला. मी गॅस पुसून घरी आले.

१२ मार्च

फोन उचलत नाही.

१३ मार्च, शुक्रवार

हॉस्पिटल. भावोजींनीच ये म्हटलं. ताई लांबच्या खुर्चीवर बसली, माझ्याकडे बघायला तयार नाही.

आधी सोनोग्राफी. डॉक्टरीणबाई — खरीखुरी — पडद्यावर एका ठिपक्याशी खूप वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "नमुना घ्यावा लागेल." ताईने तेव्हा, नजर भिंतीवरच ठेवून, माझ्या दिशेने हात लांब केला. मी धरला. सुई गेली तेव्हा तिची नखं माझ्या तळव्यात रुतली, चार चंद्रकोरी अजून आहेत.

"आधी वेळ घेतली होतीत ना? मग का नाही आलात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

ताई म्हणाली, "कामावर सुट्टी मिळाली नाही."

मला वाचवलं. माझ्याशी बोलत नाही, पण मला वाचवलं! बाहेर आल्यावर हात सोडला आणि भावोजींच्या स्कूटरवर बसून गेली. रिपोर्टला पाच दिवस.

१४ मार्च

कोट घडी करून सरांच्या टेबलावर ठेवला. सर चिडले नाहीत, उलट मायेने बोलले. "मॅडम, तुम्ही दमलाय. बसा, तुमचा ताण बघू." आणि खरोखरच माझ्या हातात दांडी दिली! मी का धरली देव जाणे. पान तेहतीस — मानसिक ताण: किंचित. पाणी भरपूर प्या.

निघाले. जिन्यात एक म्हातारे आजोबा वर चढत होते, धापा टाकत. म्हटलं, "आजोबा, जाऊ नका. ते खोटं आहे. खऱ्या डॉक्टरकडे जा." ते म्हणाले, "अगो, चार जिने चढून आलोय, आता बघूनच जातो."

१५ मार्च

काही नाही. भांडी घासली, कपाट आवरलं, पुन्हा विस्कटलं. भावोजींना मेसेज केला — सेंटर सोडलं. ताई कशी आहे? उत्तर आलं, "जेवली."

१६ मार्च

आज "जेवली" नाही आलं. दोनदा विचारलं. संध्याकाळी आलं — "थोडं."

१७ मार्च

उद्या. गाठ वाईट निघाली तर ते वाया गेलेले आठ दिवस माझे. डॉक्टर म्हणतील आठ दिवसांनी फारसा फरक पडत नाही. पडत नसेलही. तरी ते माझेच. देवाला एवढंच म्हटलं, ताईने आयुष्यभर बोलू नये माझ्याशी, चालेल, पण ती असू दे.

१८ मार्च, बुधवार

कॅन्सर नाही! साधी गाठ आहे. साधी! ताई स्वतः आली घरी, धावत, चपलाही न काढता आत. गळ्यात पडून दोघी रडलो. जीव भांड्यात पडला माझा. मग डोळे पुसून म्हणाली, "नको ते बोलले गं तुला. तुझं मशीन बरोबरच होतं की!"

"अगं ताई, दांडी कोणी धरलीच —"

"तेच तर! न धरता ओळखलं. केवढं भारी मशीन!" सरांना तिनेच फोन केलाय, सोमवारपासून परत ये म्हणालेत. हॉस्पिटलने सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला बोलावलंय, गाठ वाढते का बघायला. ताई जाणार नाही म्हणते.

"कशाला हेलपाटा? तू आहेस की."