उत्तरेची खोली कमलाच्या नावे

मी, अनुसूयाबाई, कै. त्रिविक्रमराव यांची पत्नी, वय त्रेसष्ट, राहणार चामराजपेट, बंगळूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, डावा अंधूक आहे. डोके मात्र ठिकाणावर आहे आणि कोणी मला भरीस घातलेले नाही. वकील शेषगिरीराव इंग्रजीत करू म्हणत होते. ज्या भाषेत या घरात जन्मभर बोलले, भांडले, त्याच भाषेत त्याची व्यवस्था लावते.

कलम १. यजमानांनी माझ्या नावे केलेले हे राहते घर, मागच्या विहिरीसह, माझी धाकटी जाऊ कमलाबाई हिला मालकी हक्काने मिळावे. तिचे यजमान, म्हणजे माझे दीर, ऐन तारुण्यात वारले. मूलबाळ तिलाही नाही, मलाही नाही. बँकेतली शिल्लकही तिचीच.

कलम २. भाचा गुरुराज याला यजमानांचे मनगटी घड्याळ, रेडिओ आणि पितळी भांडी द्यावीत. घर आपल्याला मिळणार अशी त्याची समजूत आहे. ती मी करून दिलेली नाही. पाहुण्यांच्या देखत त्याने माझ्या चित्रांना 'म्हातारपणीचे चाळे' म्हटले होते. ते मी विसरलेले नाही, पण त्यापायी भांडी अडवून ठेवत नाही.

कलम ३. चित्रांबाबत. येथे लांबण लागेल. वकिलांनी काही गाळू नये.

यजमान गेले तेव्हा मी पन्नाशीची होते. दुपार सरता सरत नसे, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने काहीबाही काढू लागले. एक रेघ काढायची, दोनदा खोडायची. कागद फाटे, पण चित्र पुरे होत नसे. रंग लावायचा तरी कमलाला विचारायचे, कुठे लावू? कोणी दारात आले की कागद पदराखाली.

कमलाने हे पुष्कळ दिवस पाहिले. मग एके दिवशी तिने माझे खोडरबर उचलले आणि विहिरीत टाकले. म्हणाली, "अक्का, रोज एक काढा. वाईट निघालं तर मी बंबात घालते. कोणाला दिसायचं नाही. सरी? ठीक ना?"

तसेच चालले. रोज एक चित्र आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर तापलेले आंघोळीचे पाणी. जळणारच आहे म्हटल्यावर हात मोकळा झाला. रेघ चुकली तर चुकलेल्या रेघेचेच झाड करू लागले. असे वर्ष-दीड वर्ष गेले. मग एका सकाळी मी विचारले, कालचे घातलेस ना? ती म्हणाली, "हे मी जाळणार नाही." कोपऱ्यावर मोगरा विकणाऱ्या ठकुबाईचे ते चित्र होते, टोपली मांडीशी धरून उकिडवी बसलेली. कमलाने ते स्वतः अॅव्हेन्यू रोडला विठोजी फ्रेमवाल्यांकडे नेले. त्यांनी ते दुकानाच्या दर्शनी भिंतीला लावले आणि लोक विचारत आले.

त्यानंतर मी मागे पाहिले नाही. दोनदा शहरातल्या हॉलमध्ये प्रदर्शन लागले, वर्तमानपत्रात नाव आले. हे मृत्युपत्र करण्याचे कारणही तेच आहे, की मी मागे पाहिले नाही.

उत्तरेच्या खिडकीची खोली माझी नव्हती. दसऱ्याला इकडच्या रीतीप्रमाणे त्या खोलीत पायऱ्या रचून बाहुल्या मांडत आणि बाहुल्या कमला रंगवी. रंग उडालेल्या जुन्या बाहुल्यांचे डोळे, ओठ, भुवया ती असे रेखी की सारे चामराजपेट पाहायला येई. शेजारणी आपल्या घरच्या बाहुल्या आणून देत. मला मोठी चित्रे काढायला उजेड हवा झाला, तेव्हा ती म्हणाली, तुम्ही ही खोली घ्या, बाहुल्या यंदा राहू देत. यंदाचे पुढच्या वर्षी झाले आणि पुढे कोणी त्या काढल्याच नाहीत. बाहुल्या माळ्यावर ट्रंकेत गेल्या. माझ्याकडे माणसे येत, तिने कॉफी करावी; मी संध्याकाळपर्यंत उभी असे, तिने ताट झाकून ठेवावे. तिने कधी तक्रार केली नाही, आणि तक्रार नाही म्हणजे इच्छा नाही, असे मी सोयीने धरले.

गेल्या उन्हाळ्यात डोळ्याला पट्टी होती. अर्धे राहिलेले चित्र मला सतावू लागले. मी कमलाला म्हटले, तू बस, तू रंगव, तुझा हात माझ्यापेक्षा सुबक आहे. ती बसली. मग म्हणाली, "अक्का, कुठे लावू ते आधी सांगा."

कोपऱ्यात पिवळ्याचा एक ठिपका लावल्याचे तिनेच मला सांगितले, आणि लगेच पदराने पुसल्याचेही. पट्टीखाली डोळ्यात पाणी आले, ते डॉक्टरांनी मना केले होते.

माझा हात जो मोकळा झाला तो तिच्या हाताच्या जोरावर. घर देऊन याची फेड होत नाही, हे मला कळते. रोज पहाटे जाग येते ती हेच घेऊन.

म्हणून ठरवते : उत्तरेची खोली आजपासून, मी जिवंत असतानाच, कमलाची. माझी तयार असलेली सगळी चित्रे विठोजींनी घेऊन जावीत व विकावीत. एकही त्या भिंतींवर राहू नये. दुसऱ्याच्या चित्रांखाली बसून नव्याने हात वळत नाही. तिने काही दाखवले तर चांगले म्हणायची घाई करू नये, सुधारून देऊ नये, आणि माझ्याशी तुलना तर कोणीच करू नये. माझ्या मागे बँकेतल्या शिल्लकीतून स्वयंपाकीण ठेवावी. कमलाला वाटले तर तिने चुलीपाशी जावे, एरवी नाही.

बाहुल्यांची ट्रंक कमलाचीच आहे. ती देण्याचा मला अधिकार नाही.

कलम ४. व्यवस्था पाहण्यासाठी शेषगिरीरावांना नेमते. गुरुराज भांडायला आला तर त्याला हे सगळे वाचून दाखवावे.

वरील व्यवस्था सांगितल्यावर कमला दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, आता या वयात मला काय जमायचं? मी म्हटले, तेच मी पन्नाशीत म्हणत होते. ती उठून गेली. गेल्या आठवड्यापासून स्वयंपाक मी करते. सारात मीठ जास्त पडते आणि ती मुकाट्याने जेवते. दुपारी खोलीत जाते, दार लावते. आत काय चालते ते मला माहीत नाही. मी विचारलेले नाही.

आज सह्यांसाठी वकील आणि दोघे साक्षीदार जमले. वाचून झाले आणि सवयीने माझ्या तोंडून हाक गेली, कमला, चौघांना कॉफी कर ग. हाक मारून झाल्यावर जीभ चावली. बंद दारामागून ती म्हणाली, "अक्का, तुम्हीच करा. माझे हात रंगाचे आहेत."

मी कॉफी केली, सर्वांना दिली, आणि मग ही सही करते.

(सही) अनुसूयाबाई

अनुसूयाबाईंनी आमच्या समक्ष, वाचून व समजून सही केली. आम्ही त्यांच्या समक्ष केली.
साक्षीदार : १. विठोजी जाधव, फ्रेमवाले, अॅव्हेन्यू रोड
२. भीमाचार्य, निवृत्त शिक्षक, शेजारी

मुक्काम चामराजपेट, बंगळूर
ता. २१ ऑगस्ट १९६४