बावीस वेढे

१९ जुलै, जेवणाची सुट्टी
आणि वर मलाच म्हणतो, आधी हातातलं कडं काढ! मी गुंडाळलेल्या कॉइल रिजेक्ट करायच्या त्याने आणि कडं काढायचं मी. आईने सारंगखेड्याच्या जत्रेत घेतलंय हे. अस्सल तांबं, कुठे सांधा नाही. परक्या मुलखात नजर लागू नये म्हणून घातलंय, सुपरवायझर अभिजीत सरला विचारून नाही. म्हटलं, नियम दाखवा. त्याने भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट केलं. बोर्ड इंग्रजीत. मी तो मानत नाही.
बदला घेणार. शांत डोक्याने.

२० जुलै
डोकं शांत होत नाही. आज पुन्हा माझा सगळा माल लाल क्रेटमध्ये. रिजेक्ट म्हणजे इन्सेंटिव्ह गेला. इन्सेंटिव्ह गेला की बहिणीची, दुर्गाची नर्सिंगची फी गेली. आठ हजार, बारा ऑगस्टच्या आत. आईला शब्द दिलाय.
टेस्टिंग काय आहे? टेबलात एक कॉइल पक्की बसवलेली. तिच्यावर आपली कॉइल हाताने दाबून धरायची. करंट खालचीत सोडतात, वरचीत तार न जोडता किती पोचतो ते मीटर सांगतं. चाळीस पाहिजे. सगळ्यांचे चाळीस येतात, माझे छत्तीस. अर्थ एकच. मीटरमध्ये सेटिंग आहे, माझ्यापुरती.
आकडे लिहिणारी ममताबेन म्हणाली, वाल्मिकभाई, मीटरला तुझं नाव कुठून माहीत? साधी बाई. तिला राजकारण कळत नाही.

२१ जुलै
ठरलं. हा आकडा कागदावर काढायचा. म्युच्युअल इंडक्टन्स म्हणतात त्याला. दोन गोल तारा, त्यांची रुंदी, मधलं अंतर, वेढे, एवढ्यावर मीटरशिवाय निघतो म्हणे. मीटर खोटं ठरलं की अभिजीत सर सगळ्या लाइनसमोर माझी माफी मागेल. पहिल्या वेळी मी माफ करणार नाही.
सुकदेवला सांगितलं. इथे कंपनीजवळ अथाल गावातल्या खोलीत आम्ही दोघं, तोही गावचाच. म्हणाला, नववीत बीजगणिताच्या पेपरला तू शाळेमागे बोरं खात होता भाऊ. असली माणसं रूम पार्टनर नको.

२४ जुलै
हिंदीत व्हिडिओ पाहिला. मास्तर चांगला आहे. पहिली पाच मिनिटं सगळं समजलं, त्यात त्याने सबस्क्राइब करायला सांगितलं. मग फळ्यावर इंटिग्रेशनचे दोन उभे साप काढले. म्हणे, एका तारेचा एकेक बारीक तुकडा घ्या, दुसऱ्या तारेच्या प्रत्येक तुकड्याशी जोडा आणि सगळ्यांची बेरीज करा. मी बेरीज सुरू केली. तुकडे संपेनात.

२५ जुलै
सापांची गरजच नाही! व्हिडिओच्या शेवटी सांगितलं, वरच्या कॉइलचे वेढे वाढले की आकडा त्याच हिशेबात वाढतो. वीस वेढ्यांना छत्तीस, तर चाळीससाठी किती? बावीस पॉइंट दोन. पॉइंट दोन अभिजीत सरला बक्षीस.
म्हणजे ड्रॉइंगच चुकीचं. वीस लिहिलंय, पाहिजेत बावीस. डिप्लोमा कुठून आणला याने?
उद्यापासून बावीस मारणार. माल विकत घेणाऱ्या पार्टीकडे पोचला की मग सगळ्यांसमोर सांगणार.

२८ जुलै
पास! सगळा माल पास. अभिजीत सर म्हणाला, शाब्बास वाल्मिक, सुधारलास. कडं बाहीच्या आत सारून मी थँक्यू म्हणालो. त्याला काय माहीत मी कशाला हसतोय.
आईला फोन केला, फी भरली असं समज. दुर्गा नर्स झाली की पहिलं इंजेक्शन अभिजीत सरला.

५ ऑगस्ट
माल परत आला. पार्टी म्हणते आकडा जास्त आहे. मला टेबलापाशी बोलावलं. सगळी लाइन जमली, सुकदेवसुद्धा. हीच वेळ होती. मी कॉइल धरली. चाळीस. म्हटलं, बघा, पार्टी खोटी.
तीच कॉइल ममताबेनने धरली. चव्वेचाळीस. तिच्या हातात काचेच्या बांगड्या.
पुन्हा मी. चाळीस. पुन्हा ती. चव्वेचाळीस. ती म्हणाली, भाई, कडं काढो ने. मी काढेना, तर तिनेच ओढून काढलं. मग माझ्याही हातात चव्वेचाळीस.
अभिजीत सर म्हणाला, कडं ढिलं आहे, हात दाबला की सरकून कॉइलवर येतं. तांब्याची बंद रिंग म्हणजे तिसरी कॉइलच, दहावा हिस्सा तीच अडवते वरच्या वर. बोर्डावर हेच लिहिलंय, बाबा. मग त्याने वेढे मोजले.
सुकदेव म्हणाला, मावशीचं कडं पावरफुल निघालं. लाइन हसली. ममताबेनसुद्धा.

६ ऑगस्ट
माझा हिशेब बरोबरच होता. सूत्र दोन तारांचं आहे, तिसरीबद्दल मास्तर एक अक्षर बोलला नाही. व्हिडिओला डिसलाइक केलं.
अभिजीत सर म्हणाला, नोकरी राहील, पण वाया गेलेली तार पगारातून कापली जाईल. तुझे उपकार नकोत, असं सुनावणार होतो. थँक्यू म्हणालो.
आता खरा बदला. आधी सापांचं शिकणार.

१० ऑगस्ट, पगार
कडं लॉकरमध्ये. मनगटावर पांढरा पट्टा उरलाय. आज माझे सगळे पीस वीस वेढ्यांचे, सगळे चाळीस. बघूनच संताप येतो.
दुर्गाला सांगितलं, कॉलेजला म्हण, भाऊ एका मोठ्या हिशेबात अडकलाय. ती म्हणाली, राहू दे दादा, पुढच्या वर्षी घेईन अ‍ॅडमिशन. म्हटलं, वेडी आहेस का, पैसे निघालेत.
पाठवतोय, अकराशे रुपये.