पुढे वाक, दहा मिनिटं

२ एप्रिल २००६, रविवार

आलो एकदाचे! मोरव्यातलं हे घर मला बघताक्षणी आवडलं होतं. दोन खोल्या, मोरी, पुढे ओटा, खाली शहाबादी फरशी आणि खिडकीतून थेट मिठागरं दिसतात. मी लागलेय ते नर्सिंग होम चालत दहा मिनिटांवर. नवरा, दिपेश, जहाजावर, ऑक्टोबरपर्यंत यायचा नाही, म्हणून सामान मी आणि सान्वीनंच लावलं. पोरगी सात वर्षांची, पण डबे रचताना उलट मलाच ओरडत होती. भिंतींना खालून वीतभर लोणा लागलाय, ओलीतून फुटलेलं मीठ, पांढराशुभ्र. मिठागराशेजारी राहायचं तर एवढं चालायचंच.

घरमालक धर्माजी शेजारच्याच घरात राहतात. किल्ली देताना त्यांनी एकच अट घातली. या आळीत पोरांचा घोळणा फार फुटतो. फुटला तर मान वर करायची, रगात भुईवर पाडायचं न्हाय. मी हो म्हटलं आणि घरात येऊन हसले. सान्वीचा घोळणा चौथ्या वर्षापासून फुटतोय आणि मी नऊ वर्षं नर्स आहे. मान वर केली की रक्त घशातून पोटात जातं आणि पोर ओकतं. बसवायचं, पुढे वाकवायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायचा आणि दहा मिनिटं सोडून बघायचं नाही. तेवढा वेळ सान्वी मोठ्यानं सहाशेपर्यंत मोजते. तिचे आकडे असेच पाठ झाले.

६ एप्रिल, गुरुवार

धर्माजी खोटं बोलले नव्हते. आळीत सात पोरं, सातही जणांच्या ओठावर वाळलेलं रक्त. आयांची ठरलेली तऱ्हा: मान मागे, डोक्यावर गार पाणी, नाकाशी फोडलेला कांदा. आज समोरच्या शालूच्या मानसीचा घोळणा फुटला. मला राहवलं नाही. धावत जाऊन मी मानसीची मान पुढे केली आणि शालूला म्हटलं, बघा, असं. शालूनं थेंब पडायच्या आत स्वतःचा तळवा खाली धरला, माझा हात झटकला आणि पोरीला आत ओढलं. नर्सबाय, तुमचा शानपना तुमच्या घरात, असं म्हणाली. आळीभर दारं लागली. पालथ्या घड्यावर पाणी! संताप झाला माझा, पण नवं गाव आहे, परत फिरले.

९ एप्रिल, रविवार

दुपारी तीनला सान्वीचा घोळणा फुटला. उन्हाळा आहे, नाकात बोटं घालते, नवल नाही. मधल्या दाराशी बसवून पुढे वाकवलं. पंधरा-वीस थेंब फरशीवर पडले. सहाशे मोजून झाले तेव्हा थांबलं. नखं कापली, नाकात व्हॅसलिन लावलं. फडकं घेऊन आले तर फरशी कोरडी. डागसुद्धा नाही. शहाबादी फरशी पाणी पिते, हे मला माहीत आहे. रक्त पिते का, ते माहीत नाही.

१४ एप्रिल, शुक्रवार

सहा दिवस झाले. रोज तीनला. आमच्या डॉक्टरांनी नाक तपासलं, फुटलेली शीर सापडली नाही. हिमोग्लोबिन अकरावरून नऊवर आलं. काल मुद्दाम तिला तीनच्या आत नर्सिंग होममध्ये नेलं. तिथेही फुटला. खाली ट्रे धरला. मोजून झालं तेव्हा ट्रेमध्ये मिठाची पातळ खपली होती, बाकी काही नाही.

घरी लोणा कमरेपर्यंत चढलाय. आता तो गुलाबी आहे.

आणि आळीतल्या एकाही पोराचा घोळणा आता फुटत नाही. स्वच्छ तोंडांनी लगोरी खेळतात. शालू आज माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्याची मला भीती वाटली.

१९ एप्रिल, बुधवार

धर्माजींना जाऊन जाब विचारला. सांगितलं व्हतं, म्हणाले. मीठ तहानेलं असतं. ज्याचं रगात भुईवर पडलं त्याची चव मिठाला लागते. मग ते बाकीच्यांना सोडतं आणि त्या एकाच्याच मागं लागतं, तो संपेपर्यंत. सुटका? दुसऱ्यानं समजून-उमजून त्याच फरशीवर मान खाली घातली तरच. मागच्या भाडेकरणीनं मुलासाठी घातली होती. तिचं पुढे काय झालं, मी विचारलं. ते माझ्या घराच्या भिंतीकडे बघत राहिले.

माझा विश्वास नाही. तरी आज सान्वीची मान वर केली, नऊ वर्षांत पहिल्यांदा. तिला ठसका लागला, ओठ निळे पडले, मग ती भडभडून ओकली. सगळं फरशीवर. हे माझ्या हातून झालं.

२४ एप्रिल, सोमवार

सान्वीला लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं म्हणून बॅग भरून निघालो. आळीच्या तोंडाशी रिक्षा अडवली. सगळे होते, बायका, पुरुष, पोरंसुद्धा. बॅग उतरवली, मोबाईल काढून घेतला. शालू म्हणाली, तुमी लांब गेल्या तर ते आमच्या पोरांकडं येल, जा म्हणायला आमी येड्या न्हाय. नर्सिंग होमला निरोपही गेलाय म्हणे, सिस्टर गावी गेल्या.

दाराला बाहेरून कडी आहे. जेवण खिडकीतून देतात. कालवण छान होतं. मी ताट भिरकावलं.

२६ एप्रिल

सान्वी उभी राहत नाही. खालची पापणी ओढून बघितली. पांढरी.

सहाशे पुरत नाहीत. आज दोन हजार झाले. शेवटी तिचा आवाज गेला, मीच मोजले.

लोणा खांद्याइतका.

२८ एप्रिल

तीनला पाच कमी होते. मीच वाकले. नखानं फोडलं, आतली शीर कुठे असते ते मला माहीत आहे. घे, म्हटलं. घे मला, तिला सोड.

तीन वाजून गेले. सान्वीचं नाक कोरडं! कोरडं! मी रडले.

२९

भात खाल्ला तिनं. दोनदा मागून घेतला.

माझं कालपासून थांबलेलं नाही. चिमटीत धरते तर बोटांमधून—

बहुतेक ३०

मान वर केली. क्षणभरच, लिहायला. लगेच सान्वीच्या ओठावर लाल रेघ—

परत वाकले. वाकूनच लिहितेय. तिची रेघ थांबली.

खिडकीत शालू. ती सान्वीला सांगतेय, आयची मान सोडू नको गो, सोडलीस तर तुझ्यावर येल—

सान्वीनं दोन्ही हातांनी माझी मान धरलीये. पुढे वाक, आई, म्हणते. दहा मिनिटं. मी शिकवलं तसंच. शहाणी माझी.

सान्वी मोजतेय. मोठ्यानं.

पाचशे अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. सहाशे.

झाले, सान्वी. आता सोड. जरा सोड, बाळा, मला—

एक. दोन. तीन. चा—