जोडीदाराची सही

२ मार्च, सोमवार

आजपासून मी पोलीस! म्हणजे अगदी खरं सांगायचं तर राखीव, स्वयंसेवक पोलीस. पगार नाही, पिस्तूल नाही. एक शिट्टी, एक बॅटरी, एक दंडुका आणि पोटावर जरा आवळ बसणारा गणवेश. पण आरशात पाहिलं तर काय रुबाब! ही म्हणाली, झुरळ दिसलं की पलंगावर चढणारा माणूस आता शहर सांभाळणार, म्हणजे शहराचं काही खरं नाही. म्हणू दे. इथे चष्म्याचं दुकान थाटून दोन महिने झाले, अजून कोणी धड ओळख देत नव्हतं. आज चौकात दोघांनी आपणहून नमस्कार केला.

गस्त दुपारी चार ते साडेसहा. जे दिसेल ते टिपून ठेवायला साहेबांनी खिशात मावणारी ही वही दिली आहे.

५ मार्च, गुरुवार

जोडीदार मिळाला. धंद्यानं प्लंबर, आणि सगळं गाव त्याला भोंगा म्हणतं. का, ते त्यानं तोंड उघडताच कळलं; माझ्या कानांना दडे बसले. माणूस मात्र लाखात एक. त्याचा चष्मा बघून मलाच लाज वाटली. उणे सातचा नंबर आणि काडी दोऱ्यानं बांधलेली! तसाच दुकानात नेला आणि नवा चष्मा करून दिला. इतक्या जाड काचेतून गालाची कड आत ओढल्यासारखी दिसते, तशी त्याचीही दिसते. मग त्यानं घरी जेवायला नेलं. वहिनींना आठवा महिना आहे, तरी वाढायला त्याच उठल्या. अकरा वर्षांनी घरात पाळणा हलणार, हे भोंग्यानं मला जेवताना चार वेळा सांगितलं.

गस्तीचा नियम एकच: जोडीनं आत, जोडीनं बाहेर. ठाण्यात परतल्याची सही स्वतःची स्वतः करायची नाही. मी त्याची करायची, त्यानं माझी. नोंदवहीवाल्या बाई याबाबतीत भलत्या खाष्ट आहेत. शेवटचा थांबा म्हणजे बंद पडलेलं पंपघर. एकानं खाली टाकीपर्यंत उतरून कोणी घुसलंय का बघायचं, दुसऱ्यानं दारात पाय रोवून उभं राहायचं. कारण ते लोखंडी दार सुटलं की आपोआप मिटतं आणि बाहेरून कडी पडते. खालचा माणूस मधून मधून ओरडून विचारतो, ‘आहेस का दारात?’ आणि वरच्यानं ‘आहे’ म्हणायचं. बस, एवढंच काम.

९ मार्च, सोमवार

आज सगळ्या राखीव दलाचा फोटो होता, साडेसहाला, ठाण्याच्या पायऱ्यांवर. ही दुपारपासून दोनदा म्हणाली, पुढच्या रांगेत उभे राहा, मागे राहिलात तर टक्कल तेवढं येईल. आणि नेमका आजच भोंगा खाली एका गळक्या व्हॉल्व्हपाशी रमला. प्लंबरच तो! सव्वासहा झाले. मी हाका मारून थकलो. शेवटी तो खालून ओरडला की तू हो पुढे, मी आलोच. झालो पुढे. बाई फोटोआधी नोंदवही मिटत होत्या, म्हणून भोंगा मागोमाग येतोय, माझी सही तो करेलच, असं सांगून त्याची करून टाकली. पाच मिनिटांचा तर प्रश्न होता. पुढच्या रांगेत मधोमध जागा मिळाली.

घरी येऊन बूट काढताना दाराची कडी आठवली. तसाच फोन लावला. वहिनी म्हणाल्या, आत्ताच आले, हात धुताहेत. हुश्श! उद्या चांगला शिव्या घालेल, घालू दे.

१० मार्च, मंगळवार

शिव्या नाहीत. चार वाजता कोपऱ्यावर गणवेशात उभा होता, हसत होता. कालबद्दल माफी मागितली तर नुसती मान हलवली. घसा बसलाय म्हणे. बोलतो ते जेमतेम ऐकू येतं. पंपघराशी आलो तर म्हणाला, कालच बघितलंय, आज राहू दे. मलाही बरंच वाटलं. परत आल्यावर मी त्याची सही केली, त्यानं माझी.

११ मार्च, बुधवार

धंद्यातल्या माणसाची नजर, दुसरं काय. आज उन्हात तो शेजारून चालत होता आणि सारखं काहीतरी खटकत होतं. अर्धा तास डोकं खाजवलं तेव्हा लक्षात आलं. चष्मा तोच, फ्रेम मी दिलेली. पण काचेआड गालाची कड सरळ आहे! जरासुद्धा आत ओढलेली नाही. म्हणजे साधी काच. उणे सातवाला माणूस साध्या काचेतून चालेल कसा? आणि हा तर रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानातली बारीक पाटी वाचून दाखवत होता. बघू जरा, म्हणून मी चष्म्याला हात घातला. त्यानं माझं मनगट धरलं आणि बाजूला केलं. हात गारढोण आणि ओला होता.

हिला सांगितलं. ती म्हणाली, दुसऱ्याचे डोळे तपासता तपासता स्वतःचे गेले वाटतं.

१२ मार्च, गुरुवार

फोटो ठाण्यात लावला. पुढच्या रांगेत मी आहे. माझ्या मागे, खांद्याला खांदा लावून, भोंगा.

तो तिथे नव्हता. शपथेवर सांगतो, माझ्या मागे कोणीही नव्हतं.

दुपारी वहिनी दुकानात आल्या, स्वतःच्या चष्म्याची काडी सैल झाल्याचं निमित्त करून. काडी नव्हतीच सैल. बराच वेळ बसल्या, मग रडू आवरेना. म्हणाल्या, हे जेवत नाहीत, झोपत नाहीत. नळ सोडून त्याच्यापाशी बसतात, नाहीतर माझ्या पोटाला कान लावून. हलूच देत नाहीत. आणि बाळ— बाळ त्या वेळी अगदी निपचित होतं. मग माझ्याकडे बघून विचारलं, त्या दिवशी हे तुमच्यासोबतच परत आले ना? तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ना?

मी हो म्हणालो. देवा, मी हो म्हणालो.

१३ मार्च, शुक्रवार

आज गस्तीआधी, भर दुपारी, एकटाच पंपघराकडे गेलो. कडी पडलेली होती. जमिनीलगतच्या जाळीशी वाकलो.

खालून हाक आली. आहेस का दारात?

तो आवाज. सगळ्या शहरात तसा एकच आवाज आहे. म्हणजे खरा भोंगा चार दिवस खाली आहे, जिवंत आहे. मग वहिनींच्या घरात—

मी पळालो. लिहायलाही लाज वाटते. दंडुका तिथेच पडला.

१४ मार्च, शनिवार

साहेबांना सगळं सांगितलं. कडी, सही, जाळी, सगळं. गणवेश गेला तर गेला. साहेबांनी नोंदवही उघडून पुढे ठेवली. परतला, साडेसहा, खाली माझी सही. मग बोट फोटोकडे. म्हणाले, आठ दिवस रजा घ्या. बाईंनी पाणी आणून दिलं आणि ऊन लागलं असेल म्हणाल्या.

तो केबिनबाहेर उभा होता. सगळं ऐकत. जोडीनं आत, जोडीनं बाहेर, एवढंच पुटपुटला. जवळ उभा असूनही त्याला श्वास असा नव्हताच.

पंपघराची किल्ली कोणाकडे मागायची गरजच नाही. नुसती कडी तर आहे.

१५ मार्च, रविवार

सकाळचे अकरा. हिला खरं सांगितलं. हसली नाही. पाव आणि पाणी बांधून दिलं, आणि साडेअकरापर्यंत फोन आला नाही तर गल्ली गोळा करून येते म्हणाली. दारात दोन मोठे दगड लावलेत. उतरतो.

—सापडला! जिवंत आहे! पायऱ्यांवरून घसरून पाय मोडलाय, ओठ फुटलेत. त्याचा हात हातात घेतला. गरम आहे. काचेआड गालाची कड आत ओढलेली. मी लहान मुलासारखा रडलो.

वर दार मिटलं. दगड होते. दोन होते. कडी पडल्याचा आवाज. फोनला रेंज नाही. ही येईलच. तोवर बॅटरीच्या उजेडात लिहीत राहतो.

त्याची माफी मागितली. सोडून गेलो म्हणून. तो गोंधळलाय. म्हणतो, कधी गेलास? तू तर त्याच संध्याकाळी खाली आलास. सहा दिवस उशाशी बसलायस. ओंजळीनं पाणी पाजतोयस. दाराकडे हाका मारत राहा, हेही तूच सांगितलंस.

तो माझ्याकडे बघत नाहीये. माझ्या मागे बघतोय.

चष्मा पुसला. पुन्हा बघतोय. एकदा मला, एकदा—

मागून कोणी म्हणालं, बॅटरी विझव. माझा आवाज. मी तोंड उघडलं नव्हतं.

भोंग्याला ओरडून सांगतोय मी खरा, मी— तो म्हणतो, खरा असेल तो मला सोडून जाईल कसा

हात सोडवून घेतला त्यानं. माझ्या मागच्या त्याच्याकडे सरकतोय, पाय ओढत— नको, अरे नको, वहिनी वाट—